चौदा दिवसांच्या परदेशी सेवेसाठी चार महिने तयारी: अति होतंय का?

सुकाणू
आमच्या कॉलेजची बारा मुलं सुट्टीत दोन आठवडे परदेशी स्वयंसेवेला जाणार आहेत. तयारीची जबाबदारी माझ्याकडे आली. मी चार महिने मागून घेतले. दर शनिवारी दोन तास बसायचं. तिथली भाषा कामापुरती शिकायची, त्या देशाचा इतिहास वाचायचा, प्रथमोपचार शिकायचे. शिवाय यजमान संस्थेकडून लेखी उत्तर मागवायचं: काम नेमकं कोणतं, आणि ते मागितलं कोणी? पहिल्या बैठकीला बाराच्या बारा हजर. तिसरीला सात. एकाने तर तोंडावर विचारलं, "सर, भिंत रंगवायला इतिहास कशाला लागतो?"

माझं मत स्पष्ट आहे. ज्याला तयारीला वेळ नाही, त्याला नेऊ नये. अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी परदेशी स्वयंसेवा योजनेत साधारण २७ महिने द्यावे लागतात आणि त्यातले पहिले तीनेक महिने निव्वळ प्रशिक्षणात जातात. आमच्या मुलांच्या लेखी तयारी म्हणजे व्हिसा आणि बॅग. तुमचं काय म्हणणं?

तिरकस_तात्या
सर, तयारी किती हा पुढचा प्रश्न. मुळात जायचं कशाला?

हिशेब करा. चौदातले दोन दिवस प्रवासात, एक ओळखपरेडीत, एक भटकण्यात. उरले दहा. रोज पाच तास मन लावून काम केलं असं धरू (धरू हं!). बारा जणांचे झाले ६०० तास. आठ तासांच्या दिवसाने ७५ माणूसदिवस. म्हणजे तीन गवंड्यांचं २५ दिवसांचं काम, तेही मुलांचा हात गवंड्याइतका बसलेला आहे असं मानलं तर. बारा विमानतिकिटांत तिथल्याच किती गवंड्यांना किती दिवस काम देता येईल, ते तुम्हीच काढा. पैसे पाठवा आणि घरी बसा.

रानवाट
तात्या, हा हिशेब दर वेळी निघतो आणि दर वेळी एका गृहीतकावर उभा असतो, की तिकिटाचे पैसे नाहीतर दान झाले असते. नसते झाले. मुलगी जातेय म्हणून मावशी पैसे देते. गवंड्यासाठी मावशी देणार नाही.

आणि परक्याच्या मदतीला धावून जाणं ही काही कालची फॅशन नाही. पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थांनी १९२० मध्ये फ्रान्समध्ये व्हर्दंजवळ, पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या गावात स्वयंसेवकांचं शिबिर भरवलं, त्यात जर्मनही होते. १९३४ च्या भूकंपानंतर हेच सेरेसोल बिहारमध्ये गावं उभी करायला आले. तेव्हा कोणी त्यांना 'पैसे पाठवा आणि घरी बसा' म्हणालं असतं तर?

तिरकस_तात्या
चांगलं उदाहरण दिलंत, माझ्याच बाजूचं. सेरेसोल इंजिनिअर होते, आणि त्या कामासाठी पुन्हा पुन्हा येत राहिले. तुमच्या मुलांपैकी पुढच्या वर्षी परत कोण जाणार आहे?

सिस्टर_रात्रपाळी
तुमचं तत्त्वज्ञान चालू द्या, मी लसींचं बोलते. सर, चार महिने अजिबात जास्त नाहीत. पीतज्वराची (यलो फीवरची) लस सक्तीची असेल तर तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. आदल्या आठवड्यात टोचून घेणारे विमानतळावर अडकतात. काही लसींचे डोस अंतराने घ्यावे लागतात. मलेरियाच्या गोळ्या जायच्या आधी सुरू होतात आणि परत आल्यावरही चालू ठेवायच्या असतात, काही प्रकारांत चार आठवडे. घरी पोचलं की पोरं हमखास सोडतात. कोणती गोळी कोणाला चालेल हे डॉक्टरनेच ठरवायचं, मैत्रिणीची उरलेली पाकिटं नेऊ नयेत.

दुसरं, आजार दोन्ही दिशांनी जातात. हैतीत शतकभर कॉलऱ्याची नोंद नव्हती. २०१० मध्ये तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरच्या सांडपाण्यातून नदीत गेला आणि जवळपास दहा हजार माणसं मेली. ते सैनिक होते, विद्यार्थी नव्हते, मान्य. पण तेही मदतीलाच आले होते. जुलाब होत असताना 'माझी ट्रिप बुडेल' म्हणून लपवणारा मुलगा मला कोणत्याही गटात नको.

आणि गटात वैद्यकीय शाखेची मुलं असतील तर आधीच बजावून ठेवा. जे इथे करायची परवानगी नाही, ते तिथेही करायचं नाही. सुई टोचायचा सराव करायला गरिबाचा दंड नाही.

परतलेली
मी दोन वर्षांपूर्वी अशाच गटातून गेले होते. रानवाट, मीही तुमच्यासारखंच बोलायचे.

आम्हाला अनाथाश्रमात नेलं. पहिल्या पाच मिनिटांत एक लहान मुलगी माझ्या मांडीवर येऊन बसली. मला वाटलं, किती माया! अकराव्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा ती पुढच्या गटातल्या मुलीच्या मांडीवर होती, अगदी तशीच. ती माया नव्हती, सवय होती. नंतर वाचलं की कंबोडियात अशा संस्थांमधल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं होतं. पाहुणे येतात, देणग्या येतात, म्हणून मुलं गोळा होतात. आमची तयारी झाली होती ती गाण्यांची आणि खेळांची. हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

सर, तुमच्या यादीत 'काम कोणी मागितलं' आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. त्यात 'मुलांजवळ आम्हाला का नेताय' हेही घाला.

सुकाणू
ताई, घातलं. आमच्या वेळापत्रकात एक 'बालगृह भेट' होती. आज यजमानांना कळवून रद्द केली.

अनवाणी
तात्यांच्या बाजूने एक भर. १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे इव्हान इलिच या पाद्र्यासमोर अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवक बसले होते, खेड्यांत सेवेला निघालेले. त्याने त्यांना स्पष्ट सुनावलं की बघायला या, डोंगर चढा, शिका, पण मदत करायला येऊ नका. सर, तुमच्या मुलांना शिकायलाच न्या की. फक्त त्याला सेवा म्हणू नका.

सुकाणू
'शिकायला जातोय' म्हटलं तर देणगी कोण देणार? आवाहनपत्रात आम्ही 'वंचित मुलांचं आयुष्य बदलण्यासाठी' लिहिलंय.

तिरकस_तात्या
घ्या! चौदा दिवसांत आयुष्य बदलणार. सर, पोरांच्या तयारीचं राहू द्या, आधी ते पत्र फाडा. मावशीला हेच सांगून पैसे घेतले ना? मग मुलगा 'इतिहास कशाला' असं विचारतो यात त्याचा काय दोष, त्याला तुम्हीच तारणहार करून पाठवताय.

रानवाट
तात्या, बोलणं कडू आहे, पण इथे मी तुमच्या बाजूने. अर्थात जाऊ नये असं मी अजूनही म्हणणार नाही.

सुकाणू
दोन दिवस गप्प होतो, कारण यजमानांचं पत्र आलं. भिंत मागच्याच वर्षी रंगवली आहे. त्यांना हवंय ते असं: वाचनालयातल्या पुस्तकांची संगणकावर नोंद, आणि जमल्यास त्यांच्या दोन कर्मचाऱ्यांना ती पद्धत शिकवणं. त्यासाठी त्यांची लिपी वाचता यायला हवी. काल मुलांना सांगितलं. आता पाच उरलेत.

आवाहनपत्र पुन्हा लिहिलं: 'आम्ही एका वाचनालयाच्या नोंदी करायला आणि त्या गावाकडून शिकायला जात आहोत. काम छोटं आहे, फायदा बहुधा आम्हालाच जास्त होईल.' ज्यांनी आधी पैसे दिले त्यांनाही पाठवलं, परत हवे असल्यास कळवा म्हणून.

तिरकस_तात्या
'बहुधा' काढा.

सिस्टर_रात्रपाळी
पाच असोत की बारा, पीतज्वराचं बघितलंत का?