'ग्राइक'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : इंग्लंडच्या यॉर्कशायर डेल्समधल्या रानफुलांवर आणि फुलपाखरांवर मराठीत लिहितेय. तिथे इंगलबरो (७२३ मीटर) डोंगराच्या अंगावर चुनखडकाचे उघडेबोडके सपाट पट्टे आहेत. सपाट दगड म्हणजे 'क्लिंट', दोन दगडांमधली खोल उभी फट म्हणजे 'ग्राइक'. मराठी शब्द सुचवा. पूर्ण पट्ट्याला 'सडा' चालेल का?

प्रतिसाद १ : सडा नको हो. सडा म्हटलं की कोकणातला जांभाच डोळ्यांपुढे येतो. आणि नुसतं 'चुनखडी'ही लिहू नका. आमच्याकडे चुनखडी म्हणजे रानातले पांढरे खडे, ज्यांच्यापायी उसावर केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी पडतात. चुनखडक ठीक. क्लिंटला सरळ 'फरशी' म्हणा, आपली शहाबादी चुनखडकाचीच असते. तिच्यावर लिंबू सांडलं की डाग पडतो ना? तिकडे हिमनद्यांनी माती खरवडून नेली आणि किंचित आंबट पावसाचं पाणी दगडाचे सांधे हजारो वर्षं खात राहिलं. झाल्या ग्राइक तयार.

प्रतिसाद २ : फरशी पटली. ग्राइकला 'भेग' मात्र नको, भेग काळ्या रानाला उन्हाळ्यात पडते. कपार आडवी वाटते, घळ फारच मोठी. मी 'चीर' लिहीन. वर झाडाचं नाव नाही, पण चिरेत वाकून पाहिलं तर ओलसर सावलीत जंगलातल्या वनस्पती : डॉग्ज मर्क्युरी, शिवाय हार्ट्स-टंग नेचा. याचं पान कातरलेलं नसतं, अख्ख्या हिरव्या पट्टीसारखं लांब. मेंढ्यांचं तोंड तिथवर पोचत नाही म्हणून टिकलंय सगळं.

प्रश्नकर्ती : 'चीर' घेतला! रॉक-रोजला 'खडकगुलाब' लिहिलंय, चालेल?

प्रतिसाद २ : अजिबात नाही, ते गुलाबाच्या कुळातलंच नव्हे. जमिनीलगत पसरणारं, पाच पिवळ्या पाकळ्यांचं फूल. 'रॉक-रोज'च ठेवा. नॉर्दर्न ब्राउन आर्गस या फुलपाखराच्या अळ्या त्यावरच वाढतात. मादी अंडं पानाच्या वरच्या बाजूला घालते, त्यामुळे तो पांढरा ठिपका भिंगाशिवाय दिसतो. फुलपाखरू तपकिरी, पंखांच्या कडेला नारिंगी ठिपके, तरी कुळ 'नील'च. तेवढं कंसात लिहा, नाहीतर वाचक निळं फुलपाखरू शोधत बसेल.

प्रतिसाद १ : आणखी एक. बागा सजवायला लोक हे दगड उपटून नेत. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्यात त्यांना संरक्षण देण्याची तरतूद केली आहे. 'फरशी' वाचून कुणी भाव विचारू नये म्हणजे झालं.