खेड्यात राहूनच पर्सनल ट्रेनर व्हायचंय (यवतमाळ जिल्हा), सुरुवात कशी करू?

आर्णीरोड:
नमस्कार मंडळी. वय २३, बीए झालंय, गाव दारव्हा तालुक्यात. पर्सनल ट्रेनिंगचा धंदा करायचा आहे, पण घरची शेती सोडून पुण्या-नागपूरला जायचं नाही. विचारायला येतात ती दोन प्रकारची माणसं : पोलीस भरतीची पोरं, आणि शुगर-बीपीवाले काका-काकू. सर्टिफिकेट कोणतं घ्यावं? बीपीएड लागतं का? ट्रेडमिलसकट मशिनी घ्यायला कर्ज काढू का? फी किती ठेवू? आणि नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी काय तपासायचं?

तालीम_ते_जिम:
भाऊ, सर्टिफिकेटचं आधी सांगतो. आपल्या देशात पर्सनल ट्रेनरला सरकारी परवाना लागत नाही. म्हणून बाजारात दोन दिवसांत सर्टिफिकेट देणारेही बसलेत. ते कागद नुसते भिंतीला लावायच्या कामाचे.

बीपीएड हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा शिक्षकी अभ्यासक्रम आहे. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायची इच्छा असेल तर कर. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून या क्षेत्रात आहे, आपल्या भागाला तेच जवळ. पण ग्राहकाला स्क्वॅट शिकवायला बीपीएडची अट नाही.

राष्ट्रीय कौशल्य विकासाच्या चौकटीत क्रीडा आणि फिटनेसची वेगळी कौशल्य परिषद आहे, तिचा 'फिटनेस ट्रेनर' अभ्यासक्रम सुरुवातीला परवडतो. पुढे मोठ्या शहरात किंवा बाहेरदेशी जायचं दार उघडं ठेवायचं असेल तर एसीई, एनएएसएम यांसारखी आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटं. एसीईला वय १८ पूर्ण हवं, सीपीआर-एईडीचं (हृदय बंद पडलं तर छाती दाबून आणि शॉकच्या यंत्राने जीव वाचवण्याचं) प्रमाणपत्र आधी हवं, आणि ३ तासांत १५० प्रश्न सोडवायचे असतात. पुस्तक इंग्रजीतून आहे, त्यामुळे बीए मराठीतून झालं असेल तर तयारीला सहा महिने धर. शरीररचनेचे शब्द मराठी-इंग्रजी जोडीने वहीत लिहून काढ, नाहीतर स्नायूंच्या नावांतच अडकशील.

पण सगळ्यात आधी सीपीआर शीक. मोठ्या मेडिकल कॉलेजांत बीएलएसचे (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपायांचे) वर्ग होतात, चौकशी कर. बाहुलीवर हात चालवल्याशिवाय ते येत नाही. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांमागे २ श्वास. खेड्यात १०८ ची गाडी पोचायला वेळ लागतो, तोवर तुझेच दोन हात आहेत.

पीएचसी_सिस्टर:
शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा विचारलास दादा, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी व्यायाम घेऊच नकोस. पीएआर-क्यू म्हणून सात प्रश्नांचा जुना फॉर्म आहे, तो मराठीत करून घे : हृदयाचा त्रास कोणी सांगितलाय का, श्रमाने किंवा बसल्या बसल्या छातीत दुखतं का, चक्कर येते का, हाडा-सांध्याचं दुखणं आहे का, बीपी-हृदयाच्या गोळ्या चालू आहेत का, वगैरे. एकही 'हो' आलं की आधी डॉक्टरांची चिठ्ठी. लिहिता-वाचता न येणाऱ्याला स्वतः वाचून दाखव, घाईने अंगठा घेऊ नकोस. गोळ्यांची पाकिटं घरून आणायला सांग. "बीपीची एक गोळी" एवढ्यावरून काही कळत नाही. ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल असेल तर नाडी फारशी वाढत नाही, मग नाडीवरून जोर ठरवणं चुकतं. तिथे बोलण्याची कसोटी लाव : चालताना वाक्य पूर्ण बोलता आलं तर जोर बरोबर, शब्द तुटायला लागले तर जास्त.

बीपी मोजताना माणसाला आधी पाच मिनिटं बसव. चहा-तंबाखू आधी अर्धा तास नको. बसल्या जागी १८०/११० किंवा वर आलं तर त्या दिवशी व्यायाम नाही, सरळ दवाखाना.

शुगरवाल्यांत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईड (साखर उतरवणारी गोळी) घेणारे वेगळे ओळखून ठेव. त्यांची साखर व्यायामात आणि नंतर काही तासही उतरू शकते. सुरुवातीची साखर ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायला दे. घाम, थरथर, बरळणं दिसलं की चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पण शुद्धीवर असेल तरच. पायाला मुंग्या येत असतील तर अनवाणी व्यायाम बंद, आणि तळवे रोज बघायला सांग.

आता सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. विदर्भात, त्यातही गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर पट्ट्यात हा आजार बराच आहे, आणि आपल्याकडेही वाहक सापडतात. सिकलसेलचा प्रत्यक्ष रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातच लावू नकोस. वाहक, म्हणजे एकच जनुक असलेला, एरवी धडधाकट असतो आणि त्याला व्यायामाची बंदी नाही. पण ऊन, पाण्याची कमतरता आणि विश्रांतीशिवाय सलग जीव तोडून पळणं हे तिन्ही जुळलं तर रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो. भरतीच्या पोरांकडून पहिल्याच आठवड्यात टायमिंग काढून घेतात, धोका नेमका तिथे. ओळखायचं कसं : पेटका आलेला पोरगा ओरडतो आणि त्याचा स्नायू दगडासारखा कडक लागतो. सिकलसेल वाहकाचे पाय मात्र अचानक ढिले पडतात, स्नायू मऊच लागतात, आणि सराव सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तो खाली बसतो. "ऊठ, नाटक करू नको" म्हणायचं नाही. थांबव, सावलीत घे, १०८ लाव आणि सिकलसेल वाहक असल्याचं फोनवरच सांग. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमच सुरू आहे, बॅच सुरू करण्याआधी सगळ्यांची करून घे.

टिनशेड:
कर्ज काढून ट्रेडमिल नको. व्होल्टेज खाली-वर झालं की त्याचं सर्किट जातं, आणि दुरुस्तीचा माणूस शहरातून यायला आठवडा लागतो. हप्ता मात्र थांबत नाही.

सुरुवातीला एवढं पुरतं : २० किलोचा सात फुटी रॉड, प्लेटा १५, १०, ५, अडीच आणि सव्वा किलोच्या एकेक जोडी (रॉड धरून ८७.५ किलो होतात), सेफ्टी पिना असलेला स्क्वॅट स्टँड, एक सपाट बेंच, जाड रबरी मॅट. पिना नसलेला स्टँड स्वस्त पडतो, पण माणूस रॉडखाली अडकला तर सोडवायला दोघे लागतात आणि तू एकटाच असतोस. स्वस्त प्लेटांवर लिहिलेलं वजन खरं असेलच असं नाही. धान्याच्या काट्यावर एकेक तोल, खरा आकडा पेंटने लिही आणि जवळच्या वजनाच्या जोड्या लाव. युरियाच्या रिकाम्या पोत्यात १५-२० किलो वाळू भरून उत्तम सँडबॅग होते. पोतं दुहेरी कर, विणीतून वाळू गळते.

पुलअप बारला एक इंची जीआय पाईप घे, बाहेरून साधारण ३३-३४ मिलिमीटर भरतो, मुठीत नीट बसतो. खांब रोवताना काळ्या मातीकडे लक्ष दे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, दोन फुटांवर काँक्रीट केलेले खांब वर्षभरात तिरके होतात. खाली मुरूम लागेपर्यंत खोद, आणि काँक्रीटच्या भोवती माती न टाकता मुरूमच भर. शेडच्या फरशीखालीही हेच.

टिनाचं शेड असेल तर एप्रिल-मेमध्ये संध्याकाळची बॅच बंद ठेव. दिवसभर तापलेलं टिन सूर्य मावळल्यावरही आग ओकतं. सकाळी साडेपाच ते सात एवढीच वेळ. नवीन माणसाला उन्हाची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात, तोवर काम निम्मं.

फीचं आता हिशोबाने बघ. बारा किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी एका ग्राहकाच्या घरी आठवड्याला तीनदा जायचं धरलं, तर जाऊन-येऊन २४ किलोमीटर. गाडी लिटरला ५० देते, पेट्रोल १०५ रुपये, म्हणजे खेपेला ५० आणि महिन्याच्या १२ खेपांना ६०० रुपये. तासाभराचा व्यायाम आणि रस्ता मिळून खेपेला १ तास ४० मिनिटं, महिन्याला २० तास. फी २,००० घेतलीस तर हातात १,४००, तासाला ७० रुपये. तेच गावात सहा जणांची बॅच प्रत्येकी ६०० रुपयांत घेतलीस तर १२ तासांचे ३,६००, तासाला ३००. म्हणून घरोघरची ट्रेनिंग एकाच गल्लीत किंवा पाठोपाठ दोन-तीन ग्राहक मिळाले तरच कर.

आणि फी पिकाच्या तालावर घे. जून-जुलैत पेरणी, खत, फवारणी, लोकांच्या हातात पैसा नसतो. सोयाबीन विकलं, कापूस निघाला की पैसा येतो. दिवाळीनंतर सहा महिन्यांची फी एकदम देणाऱ्याला एक महिना सूट ठेव. महिन्याच्या महिन्याला तगादा लावलास तर माणूस फीच्या संकोचाने व्यायामालाच यायचं सोडतो.

आर्णीरोड:
सर्वांचे मनापासून आभार. सिकलसेलचं खरंच माहीत नव्हतं, तपासणी आधी करून घेतो. दोन गोष्टी राहिल्या. १६०० मीटरची तयारी मैदानाशिवाय कशी घेऊ? पोरं पहाटे हायवेवर पळतात. आणि बायकांची बॅच कोणत्या व्यायामाने सुरू करू?

चारशे_मीटर:
हायवे आधी बंद कर. अंधारात काळ्या टी-शर्टमधला मुलगा ट्रकवाल्याला दिसत नाही. शिवाय गाडीच्या मीटरवर मोजलेले १६०० कधीच अचूक नसतात.

कोणाचं पडीक वावर किंवा शाळेचं पटांगण माग. ६५ मीटर लांब-रुंद जागा असली तर २०० मीटरचं वर्तुळ बसतं. मधे खुंटी ठोक आणि ३१.५३ मीटर तारेने फक्की मार. नायलॉनची दोरी ताणते, ती नको. हिशोबाने त्रिज्या ३१.८३ येते, पण पोरगा रेषेच्या साधारण ३० सेंटिमीटर बाहेरून पळतो, तेवढं आतून वजा केलं. नाही केलं तर आठ फेऱ्यांत १५ मीटर जास्त पळणं होतं. वर्तुळ लहान आहे, सतत एकाच बाजूला वळून आतल्या पायावर ताण येतो, म्हणून एक दिवस उलट दिशेने पळव.

पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची : मुलांना १६०० मीटर २० गुण, १०० मीटर १५, गोळाफेक १५, आणि गोळा ७.२६० किलोचा. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर आणि गोळा ४ किलोचा. भरतीची जाहिरात आली की एकदा ताडून बघ. मुलांना १६०० चे पूर्ण गुण ५ मिनिटं १० सेकंदांना, म्हणजे चारशेला साडेसत्याहत्तर सेकंद. आज ६:३० ला येणारा मुलगा चारशेला ९७-९८ घेतो. त्याला थेट ७७ च्या मागे लावलं तर दुसऱ्या फेरीत मोडतो. चारशेच्या चार फेऱ्या ९३ सेकंदांनी, मधे दोन मिनिटं चाल. चारही सारख्या आल्या की दोन सेकंद कमी. असा दिवस आठवड्यातून दोनच, बाकी बोलता येईल इतक्या हळू पळणं. रोज टायमिंग लावणाऱ्यांच्या नडग्या दुखायला लागतात. नडगीच्या हाडावर बोटाने दाबून एकाच ठिकाणी कळ आली तर पळणं थांबव आणि एक्स-रेला पाठव, ते हाडाला सूक्ष्म तडा गेल्याचं लक्षण असू शकतं.

पहिल्या दिवशी पाचशे उठाबशा ही शिक्षा कोणालाच देऊ नकोस. स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरतात. दोन दिवसांनी लघवी काळ्या चहासारखी झाली तर मूत्रपिंडाला धोका आहे, त्याच दिवशी दवाखाना.

कपाशीची_बोंडं:
बायकांच्या बॅचबद्दल. वेचणीला, निंदणाला जाणारी बाई अशक्त नसते. डोक्यावर वीस किलोचं गाठोडं ती रोज आणते. तिचा त्रास म्हणजे दिवसभर कंबरेतून वाकणं. म्हणून पहिला व्यायाम हिप हिंज, म्हणजे पाठ सरळ ठेवून कुल्ल्यातून वाकणं. पाठीवर उभा दांडा धरायला सांग : डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधे आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेला राहिला पाहिजे. गुडघे थोडे सैल, कुल्ले मागे, जणू हात भरलेले असताना मागचं दार कुल्ल्याने लोटायचं. दांडा माकडहाडापासून सुटला की कंबर गोल झाली, तिथेच थांबायचं. दोन आठवडे नुसता दांडा, मग दहा किलोचं पोतं, ८ ते १० वेळा, तीन सेट. जोडीला भिंतीवरचे जोर, खुर्चीवरून ऊठ-बस, दोन्ही हातांत बादल्या घेऊन चालणं. खुर्ची हलत नाही ना ते बघ, प्लास्टिकची सरकते.

वेळ सकाळची ठेवू नकोस, तेव्हा पाणी, स्वयंपाक आणि पोरांची शाळा असते. दुपारी तीन-साडेतीन किंवा संध्याकाळी दिवा लागायच्या आधी, फक्त एप्रिल-मेमध्ये टिनाच्या शेडात नको. शेड आडोशाचं हवं, आणि शक्य झालं तर गावातली एखादी ताई सोबत तयार कर. व्यायामातली स्थिती हात लावून दुरुस्त करायचं काम तिच्याकडे दे, तू दांड्याने दाखव. सोंगणी-वेचणीच्या आठवड्यांत बॅच बंद करू नकोस, आठवड्याला एकच दिवस ठेव, सेट निम्मे, वजन तेवढंच. ताकद टिकायला तेवढं पुरतं, आणि येण्याची सवय मोडत नाही.

तालीम_ते_जिम:
एक राहिलं. सहा महिन्यांत कोणीतरी प्रोटीन पावडर विकायला सांगेल. खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, आणि डब्यावरचा १४ अंकी क्रमांक त्यांच्या पोर्टलवर तपासता येतो. इंजेक्शन-गोळ्यांच्या भानगडीत तर अजिबात पडू नकोस, स्टेरॉईड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देणं गुन्हा आहे.

६० किलोच्या व्यायाम करणाऱ्या मुलाला किलोमागे १.६ ग्रॅम धरून दिवसाला ९६ ग्रॅम प्रथिनं. ५० ग्रॅम सोया चंक्स २६, तीन अंडी १८, ज्वारीचं २०० ग्रॅम पीठ २०, ६० ग्रॅम तूरडाळ १३, ३०० मिली दूध ९-१०, मूठभर शेंगदाणे ७. जवळपास झालं, आणि यातलं बरंचसं घरचंच. घरचं सोयाबीन वापरणार असतील तर भिजवून नीट शिजवायला किंवा चांगलं भाजायला सांग. कच्च्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. शुगर किंवा किडनीवाल्याला मात्र आहाराचा कागद तू लिहून देऊ नकोस, ते काम डॉक्टर-आहारतज्ज्ञाचं.

कागदपत्रांत उद्यम (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी मोफत होते, थोडेच कामगार असतील तर दुकान कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, आणि शेडसाठी ग्रामपंचायतीला लेखी विचार. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी नको.

आर्णीरोड:
६५ मीटरची जागा शाळेमागे निघते. उद्या मुख्याध्यापकांना विचारतो, आणि पोरांची तपासणी येत्या सोमवारी पीएचसीत. सिस्टर, वीस जणांना एकदम आणलं तर चालेल का?

पीएचसी_सिस्टर:
चालेल, पण आदल्या दिवशी लॅबवाल्यांना फोन कर आणि नावं, वय लिहून आण. सकाळी नऊला या. या तपासणीला उपाशी राहायची गरज नाही, पोरांना खाऊन यायला सांग. आणि पहिल्या चाचणीत 'पॉझिटिव्ह' आलं म्हणून कोणाला घाबरवू नकोस. तो वाहक आहे की रुग्ण, हे दुसऱ्या तपासणीत कळतं. तो रिपोर्ट येईपर्यंत त्याला फक्त हळू पळव, टायमिंग नको.