'मर' शोधला तर अमरावती पिवळी होते, काहून?

कपाशीवाला:
राजेहो, गावच्या शेतकऱ्यायचे मेसेज एका पानावर दाखवून रायलो, कोणी तुरीवर मर (झाड वाळवणारा रोग) आला असं लिहिलं का तेवढा शब्द पिवळा झाला पायजे, म्हणजे कृषी सहायकाले पटकन दिसते. साधा रेजेक्स (शब्द शोधायचा साचा) टाकला तर अमरावतीतला मर पिवळा, उमरखेडचाबी पिवळा! मग दोन्ही बाजूनं शब्दाच्या सीमेची खूण '\b' (बॅकस्लॅश बी) लावली तर "तुरीले मर लागला" यातलाबी सापडत नाही. जावास्क्रिप्ट हाय. दोन दिवस झाले अडकलो.

कोडवाला:
भाऊ, तुझी चूक नाही. जावास्क्रिप्टचा बॅकस्लॅश बी फक्त इंग्रजी अक्षरं, ० ते ९ चे इंग्रजी आकडे अन अंडरस्कोअर एवढ्यालेच शब्द मानते. 'म'च्या आधी स्पेस, तिच्या लेखी दोन्ही शब्दाबाहेरचे, मंग सीमा येईल कुठून? रेजेक्सले यू फ्लॅग (युनिकोडची खूण) लाव, अन लुकबिहाइंड-लुकअहेडनं सांग का आगंमागं युनिकोडचं अक्षर नको अन मार्कबी नको. मार्क म्हणजे काना, वेलांटी, हलंत, अनुस्वार. ते विसरला तर 'मरा'तला मर पिवळा होते अन काना बाहेर लटकते. लुकबिहाइंड अन युनिकोडचं अक्षर-मार्क ओळखणं, हे दोन्ही २०१८ पासून भाषेत हाय. फक्त बोंडअळीले शब्दानंतरची अट लावू नको, लोक बोंडअळीनं, बोंडअळीचा असंच लिहितात. शोधायच्या शब्दायच्या यादीत 'बोंड'बी असन तर 'बोंडअळी' त्याच्या आधी ठेव, नाहीतर अर्धाच शब्द रंगते.

बांधावरचा:
याच्याहून मोठी गोष्ट. मेसेज लोकायचा हाय, सरळ इनर एचटीएमएलमधी (म्हणजे पानाचा कोड म्हणून) टाकू नको. कोणी कोनी कंसात इंग्रजी नाव लिहिलं तर ब्राउझर त्याले टॅग समजते अन नाव गायब, मुद्दाम कोणी कोड टाकला तर तो चालू शकते. रंगवून मग एस्केप केलं (कोनी कंस साधी अक्षरं केले) तर पिवळं करणारा तुझा मार्क टॅगच अक्षरं होऊन दिसते. म्हणून मजकुराचे तुकडे कर, जुळलेले अन न जुळलेले, अन हरेक तुकडा टेक्स्ट नोड (निव्वळ अक्षरं) म्हणून जोड, जुळलेला मार्क टॅगच्या आत.

कपाशीवाला:
जमलं भाऊ, अमरावती सुटली! पण 'पांढऱ्या माशी' काही मेसेजात रंगते, काहीत नाही. डोळ्याले दोन्ही सारखेच दिसतात.

कोडवाला:
तो ऱ्या दोन तऱ्हेनं टाइप होते, एक नुक्तेवाला ऱ अन हलंत, दुसरा साधा र, हलंत अन न दिसणारा जोडक झेडडब्ल्यूजे. नॉर्मलाइज (युनिकोड एकसारखं करणं) केल्यानं हे एक होत नाही. शोधायच्या आधी दुसऱ्याचा पहिला करून घे अन दाखवताना तोच मजकूर दाखव.