पत्त्यात शहराचे नाव, कागदावर टाउनशिप: आमच्या दारातला रस्ता नेमका कोणाचा?

उत्तरवारा (प्रश्न):

नमस्कार मंडळी. गेल्या शरद ऋतूत आम्ही दक्षिण मिनेसोटात, आयोवाच्या सीमेजवळ, एक जुने शेतघर आणि त्याभोवतीची पाच एकर जमीन विकत घेतली. घराच्या उत्तरेला खडीचा रस्ता आहे आणि पलीकडच्या शेतांतले पाणी त्या रस्त्याखालच्या मोरीतून आमच्या बाजूच्या चरात उतरते. मार्चअखेरीस बर्फ वितळू लागला तेव्हा ती मोरी गाळाने आणि मक्याच्या ताटांनी बुजली, पाणी रस्त्यावरून वाहू लागले आणि रस्त्याची एक कड खडीसकट चरात येऊन पडली.

आमच्या टपालाच्या पत्त्यात जवळच्या शहराचे नाव आहे, म्हणून मी आधी तिथल्या नगरपालिकेला फोन केला. रस्ता आमच्या हद्दीत नाही, असे उत्तर मिळाले. काउंटीच्या (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) रस्ते खात्याने सांगितले की तो टाउनशिपचा रस्ता आहे. आमच्या टाउनशिपच्या क्लार्कबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि तो मैल शेजारच्या टाउनशिपकडे असल्याचे सांगितले, पण तसे का, हे मला फोनवर नीट समजले नाही.

गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. खरेदीखतात जमिनीचे वर्णन 'गव्हर्न्मेंट लॉट 4, सेक्शन 6, टाउनशिप 102 उत्तर' असे आहे, आणि आमच्या टाउनशिपला तर स्वतःचे नाव आहे. मग ही 102 कोणती? शेजारचे शेतकरी त्या लॉटला 'फोर्टी' म्हणतात, पण नकाशावर त्याचे क्षेत्र चाळीस एकर नसून 37 एकरांच्या थोडे वर आहे. शिवाय मार्चमध्ये टाउनशिपची वार्षिक सभा असल्याची सूचना स्थानिक वृत्तपत्रात वाचली होती, परंतु ती आपल्यासाठी आहे की नाही हे न कळल्यामुळे आम्ही गेलो नाही. टाउनशिप म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारखी संस्था समजावी का?

साखळीमाप:

तुमच्या प्रश्नात एकाच शब्दाच्या दोन अर्थांची सरमिसळ झाली आहे, आणि ती इथे जन्मलेल्या माणसांचीही होते. 'टाउनशिप 102 उत्तर' हा मोजणीचा चौकोन आहे, तर नाव असलेली टाउनशिप हे त्या चौकोनात नंतर उभे राहिलेले सरकार आहे. चौकोन आधी आला, माणसे मागाहून आली.

20 मे 1785 च्या जमीन अध्यादेशाने ठरवले की पश्चिमेकडची सार्वजनिक जमीन विकण्यापूर्वी तिची मोजणी करून सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकाचे एक चौरस मैलाचे 36 सेक्शन करायचे. एक सेक्शन म्हणजे 640 एकर, त्याचा पाव भाग 160 एकर आणि त्या पावाचाही पाव 40 एकर. तुमचे शेजारी ज्याला 'फोर्टी' म्हणतात तो हाच. 1862 च्या होमस्टेड कायद्यात एका कुटुंबाला 160 एकर देण्याची तरतूद होती, ती याच मोजणीच्या हिशेबाने. पहिली मोजणी थॉमस हचिन्स यांच्या देखरेखीखाली पूर्व ओहायोत, ओहायो नदीच्या काठावरून सुरू झाली.

आता 102 या आकड्याविषयी. मिसिसिपीच्या पश्चिमेकडच्या मिनेसोटाची मोजणी पाचव्या प्रमुख रेखावृत्तावरून (मोजणीसाठी आखलेल्या उत्तर-दक्षिण रेषेवरून) झाली आणि त्याची आधाररेषा, म्हणजे जिथून उत्तरेकडच्या रांगा मोजायच्या ती आडवी रेषा, आर्कान्सामध्ये आहे. 1815 मध्ये मोजणीदारांनी तिथल्या दलदलीत आरंभबिंदू निश्चित केला, कारण 1812 च्या युद्धातल्या सैनिकांना बक्षीस म्हणून जमिनी द्यायच्या होत्या. त्या रेषेपासून उत्तरेकडे सहा-सहा मैलांच्या रांगा मोजत आले की आयोवा ओलांडल्यावर मिनेसोटाची पहिली रांग 101 वी येते. तुमची त्याच्या वरची. म्हणजे तुमच्या खरेदीखतातला हा आकडा सुमारे 600 मैल दक्षिणेकडच्या दलदलीपासून मोजलेला आहे. मला स्वतःला हे कळले तेव्हा मी बराच वेळ नकाशा मिटला नव्हता.

सेक्शनचे क्रमांक कसे पडतात हे पाहिले की तुमच्या रस्त्याचे कोडेही सुटू लागते. 1796 पासूनच्या पद्धतीप्रमाणे ईशान्य कोपऱ्यातला सेक्शन 1, तिथून पश्चिमेकडे जात 6, मग त्याच्या खाली 7 आणि तिथून उलट पूर्वेकडे 12, असा क्रम चालतो. नांगराचा बैल तासाच्या टोकाला वळून लगेच शेजारचे तास धरतो, तसेच हे आहे. त्यामुळे सेक्शन 6 नेहमी वायव्य कोपऱ्यात येतो आणि त्याच्या उत्तरेची व पश्चिमेची रेषा ही चौकोनाचीच हद्द असते.

चाळीस एकर कमी का भरतात, याचे कारणही याच कोपऱ्यात आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाताना रेखावृत्ते एकमेकांजवळ येतात. तुमच्या अक्षांशावर, म्हणजे साडेत्रेचाळीस अंशांच्या आसपास, सहा मैल रुंदीचा चौकोन सहा मैल वर जाईपर्यंत सुमारे 45 फुटांनी अरुंद होतो. त्यात 66 फुटी लोखंडी साखळीने झाडीतून आणि पाणथळीतून मोजताना पडलेली चूक मिळवा. ही सगळी तूट किंवा वाढ उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या सेक्शनांच्या कडेवर टाकायची असा नियम होता, म्हणजे उरलेले सेक्शन नीट राहत. सेक्शन 6 ला दोन्ही बाजू लागतात. त्याच्या कडेच्या तुकड्यांना 'फोर्टी' म्हणता येईना म्हणून ते 'गव्हर्न्मेंट लॉट' झाले आणि त्यांना 1 ते 7 क्रमांक पडले. लॉट 4 हा अगदी टोकाचा, जिथे उत्तरेची तूट आणि पश्चिमेची तूट एकत्र येते.

त्या काळच्या मोजणीदारांच्या वह्या मिळाल्या तर जरूर वाचा. सेक्शनचा कोपरा पुन्हा सापडावा म्हणून ते जवळच्या झाडांवर खुणा करत आणि झाडाची जात, जाडी व अंतर लिहून ठेवत. त्याच नोंदींवरून फ्रान्सिस मार्शनर यांनी 1930 मध्ये मिनेसोटाच्या मूळ वनस्पतींचा नकाशा तयार केला. शेते होण्यापूर्वी तुमच्या अंगणात गवताळ माळ होता की ओकची झाडे होती, याचा अंदाज त्यावरून घेता येतो.

खडीची_वाट:

मी मिनेसोटातच एका टाउनशिपमध्ये अनेक वर्षे राहतो आणि सभांना नियमाने जातो, म्हणून कारभाराच्या बाजूबद्दल लिहितो.

तुमचा रस्ता दोन टाउनशिपच्या हद्दीवर आहे. असा रस्ता अर्धा-अर्धा उभा चिरून सांभाळता येत नाही, कारण ग्रेडर (खडीचा रस्ता सपाट करणारे यंत्र) एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत येतो. म्हणून दोन्ही मंडळे आपसांत ठरवून रस्त्याची लांबी वाटून घेतात: काही मैल यांचे, काही मैल त्यांचे. तुमच्या दारातला मैल शेजाऱ्यांच्या वाट्याला गेला असणार. क्लार्कबाईंनी तुमची टोलवाटोलवी केली असे मला वाटत नाही. तुम्ही शेजारच्या मंडळाच्या मासिक बैठकीला जा, मोरीची छायाचित्रे न्या आणि पाणी नेमके कुठून चढले ते नकाशावर दाखवा. एकदा ते समोरासमोर सांगितले की दहा फोनांपेक्षा अधिक उपयोग होतो. मात्र तुमच्या स्वतःच्या प्रवेशमार्गाखाली मोरी असेल तर तिची जबाबदारी बहुधा तुमच्यावर येईल, तेव्हा दोन्ही मोऱ्या एकाच तक्रारीत मिसळू नका.

मंडळ म्हणजे साधारणपणे तीन निवडून आलेले सुपरवायझर, आणि त्यांच्यासोबत क्लार्क व खजिनदार. यांच्यापैकी बहुतेकांचा चरितार्थ शेतीवर किंवा नोकरीवर चालतो आणि टाउनशिपचे काम ते संध्याकाळी करतात. पुष्कळ ठिकाणी टाउनशिपकडे स्वतःचा ग्रेडर नसतो. खडी पसरणे आणि बर्फ हटवणे ही कामे काउंटीला किंवा एखाद्या ठेकेदाराला दिलेली असतात. पैसा येतो तो मुख्यतः मालमत्ता करातून, आणि रस्त्यांसाठी राज्याच्या इंधनकराचा काही वाटा मिळतो.

त्या कराची मर्यादा कोण ठरवते? मार्चच्या दुसऱ्या मंगळवारच्या वार्षिक सभेत जमलेले मतदार. मंडळ अंदाजपत्रक मांडते, प्रश्नोत्तरे होतात, आणि किती डॉलरची लेव्ही (करातून गोळा करायची एकूण रक्कम) लावायची यावर हात वर करून मत घेतले जाते. त्या आकड्याच्या वर मंडळाला जाता येत नाही, पण मंजूर रकमेतून कोणती मोरी आधी बदलायची हा निर्णय मात्र मंडळाचा. मी अशा सभा पाहिल्या आहेत की जिथे दहा-बारा माणसे घडीच्या खुर्च्यांवर बसून पुढच्या वर्षाची सगळ्या टाउनशिपची खडी ठरवतात. म्हणून तुम्ही गेला नाहीत याचे मला खरेच वाईट वाटले. ती सभा तुमच्यासाठीच होती. तुम्ही अद्याप नागरिक नसाल तर मत देता येणार नाही, पण येऊन बसायला आणि ऐकायला कोणी हरकत घेणार नाही.

ग्रामपंचायतीशी तुलना ग्रामसभेपुरती ठीक आहे. त्यापुढे ती जपून करावी, कारण इथे बहुधा मधोमध गावच नसते. घरे चौकोनभर विखुरलेली असतात, आणि वस्ती दाट होऊन शहराचा दर्जा मिळाला की तो भाग टाउनशिपच्या कारभारातून बाहेर पडतो. शेजारचे शहर वाढत वाढत जमीन सामील करून घेते, तसतसे चौकोनाचे लचके तुटतात. टपालाच्या पत्त्यातले शहर म्हणजे केवळ तुमची पत्रे जिथून वाटली जातात ते टपाल कार्यालय. त्यावरून हद्द ठरवू नये.

माळरान:

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, फक्त एक सावधगिरीची सूचना करतो, कारण हा धागा इतर राज्यांतले लोकही वाचतील. चौकोन बहुतेक सगळीकडे सारखा असला तरी त्यातले सरकार राज्याच्या सीमेवर बदलते. तुमच्या घरापासून थोडे दक्षिणेला गेलात की आयोवा लागते, आणि तिथे 1929 च्या कायद्याने टाउनशिपचे रस्ते काउंटीकडे गेले. तिथल्या ट्रस्टींकडे अग्निशमन, दफनभूमी आणि शेजाऱ्यांमधले कुंपणाचे तंटे ही कामे उरली आहेत. तीच मोरी आयोवात असती तर तुम्हाला काउंटीचा अभियंता गाठावा लागला असता. मिशिगननेही 1931 च्या कायद्याने रस्ते काउंटीकडे नेले, पण तिथली टाउनशिप इतर बाबतींत चांगली सशक्त आहे.

मी इलिनॉयमध्ये राहतो. इथे रस्त्यांसाठी वेगळा हायवे कमिशनर निवडला जातो, सुपरवायझरकडे गरजूंच्या मदतीचे काम असते, आणि 102 पैकी 17 काउंटींत टाउनशिप सरकार अजिबात नाही. इंडियानात एकच ट्रस्टी आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारे तीन जणांचे मंडळ असते. तिथेही गरिबांना भाडे किंवा वीजबिल भरण्यासाठी तातडीची मदत टाउनशिपच देते, आणि मला ते काम रस्त्याइतकेच मोलाचे वाटते, कारण अर्ज घेणारा माणूस अर्जदाराच्या घरापासून काही मैलांवर राहतो. ओहायोत तीन ट्रस्टी आणि एक वित्त अधिकारी. विस्कॉन्सिनमध्ये याच सरकारला 'टाउन' म्हणतात आणि 'टाउनशिप' हा शब्द मोजणीच्या चौकोनासाठी राखलेला आहे. ही शिस्त सगळ्यांनी पाळली असती तर उत्तरवारा यांचा निम्मा प्रश्न उद्भवलाच नसता.

उत्तरवारा:

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आणखी एक शंका आहे. आमच्या पश्चिमेकडचा रस्ता उत्तरेला काही मैल अगदी सरळ जातो, मग एकाएकी काटकोनात पश्चिमेला वळतो आणि थोडे अंतर जाऊन पुन्हा उत्तरेला लागतो. तिथे ना ओढा आहे, ना टेकडी. रात्री गाडी चालवताना ते वळण फार अचानक येते.

साखळीमाप:

ती बहुधा दुरुस्तीची रेषा असावी. चौकोन वर वर अरुंद होत गेले तर काही अंतराने त्यांना काही अर्थ राहणार नाही, म्हणून ठरावीक अंतरावर एक नवी आडवी रेषा आखून तिच्यावर पुन्हा पूर्ण सहा-सहा मैल मोजले जात. पुढे 24 मैल हे अंतर रूढ झाले. रेषेखालचे कोपरे पूर्वेकडे ओढले गेलेले आणि वरचे पुन्हा आपल्या जागी, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसत नाही. रस्ते सेक्शनच्या रेषेवरून काढले असल्यामुळे त्यांनाही तेवढे सरकावे लागते. पाचव्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला उत्तरेकडे जाताना हे सरकणे पश्चिमेकडेच होते, आणि तुम्हीही तेच पाहिले आहे. वळणाआधी फलक नसेल तर तेही मंडळापुढे मांडा.

उत्तरवारा:

काल संध्याकाळी शेजारच्या टाउनशिपच्या बैठकीला जाऊन आलो. एका खोलीचे सभागृह आहे आणि भिंतीवर 36 चौकोनांचा नकाशा लावलेला आहे. एका सुपरवायझरने सेक्शन 31 च्या खालच्या रेषेवर बोट ठेवून विचारले, "इथेच ना?" ते बोट आमच्याच घरासमोरच्या रस्त्यावर होते, फक्त त्यांच्या नकाशात तो तळाशी येतो. मोरी जुनी असून तिचा व्यास पाण्याच्या मानाने अपुरा आहे, हे त्यांना आधीपासून माहीत होते. गाळ येत्या आठवड्यात काढणार आहेत. मोठी मोरी बसवण्याचा खर्च पुढच्या मार्चच्या अंदाजपत्रकात मांडणार असल्याचे ठरले. मात्र त्यावर मत त्यांच्या टाउनशिपच्या मतदारांनीच द्यायचे आहे, म्हणून रस्त्यापलीकडच्या दोन घरांना भेटून मी ती तारीख आत्ताच सांगून आलो आहे.