नीटला ४२३ मार्क, परत बसू की बीएएमएस घेऊ?

करवीरची_पोर
मी करवीर तालुक्यातल्या एका गावची. बारावी झाली, नीटला ७२० पैकी ४२३ आले. सरकारी एमबीबीएस यात मिळत नाही. खासगी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टरकी, मिळेल असं सगळे म्हणतात.

ओएमआर, म्हणजे माझी उत्तरपत्रिका, काढून आन्सर कीशी ताडून बघितली. बरोबरला चार मिळतात, चुकीला एक वजा होतो. बायोलॉजी ९० पैकी ७४ बरोबर, १४ चूक. केमिस्ट्री ४५ पैकी २७ बरोबर, १२ चूक. फिजिक्सला १७ बरोबर आणि २३ चूक, म्हणजे ६८ मधनं २३ वजा, राहिले ४५. अकरावीला आमच्या ज्युनिअर कॉलेजात दिवाळीपर्यंत फिजिक्सला सरच नव्हते. क्लासवाल्यांनी बारावीपासनं धरलं. मधला खड्डा तसाच राहिला.

घरी दीड एकर ऊस आणि दोन म्हशी. क्लासचा दुसरा हप्ता भरायला तात्यांनी रेडी विकली. ती मी बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. आई म्हणते, बीएएमएस घे, डॉक्टर ते डॉक्टरच. मामा म्हणतो, लातूरला पाठवा. तात्या काहीच बोलत नाहीत. निकालाच्या रात्री धार काढायला गेले ते अर्धा तास उशिरा आत आले, आणि चरवी ठेवून तसेच झोपले.

मला एमबीबीएसच करायचंय. पण परत एक वर्ष मागायला तोंड होत नाही. काय करू?

तिसरं_वर्ष_एमबीबीएस
मी दुसऱ्या खेपेला लागलो, म्हणून सांगतो. मागच्या सालचे कटऑफ धरून हिशेब घालू नकोस. २०२४ ला सुरुवातीला ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, सुधारित निकालात १७ राहिले. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६. पेपर बदलला की मार्कांचा भाव बदलतो, रँक बघ.

आणि त्या २३ चुका एकेक काढून बस. धडाच शिकली नव्हतीस, की येत असून आकडेमोडीत गेलं, की ठोकून दिलं? तीन रकाने पाड. मी हे केलं तेव्हा कळलं की माझी निम्मी चूक घाईची होती. धडे कच्चे असतील तर एक वर्षात भरून निघतात. लातूरला गेल्यानं आपोआप भरत नाहीत.

राजारामपुरीचे_काका
बाळ, माझ्या मुलाचं सांगतो. त्यानं दुसऱ्यांदा बसायचं म्हणून अभ्यासिका लावली. पहिले तीन महिने दृष्ट लागावी असा अभ्यास. दिवाळीनंतर मित्रांचे कॉलेजातले फोटो यायला लागले तसं पोरगं जेवायला खाली येईना. आम्ही रोज विचारायचो, "किती झालं?" तेच चुकलं आमचं. मार्क ११ नी वाढले. आता बी. फार्म. करतोय, बरा आहे.
वर्ष मागशील तर घरच्यांशी आधी हेही बोलून घे, की मार्क कुणी आणि कधी विचारायचे.

वैद्य_गडहिंग्लज
मी बीएएमएस, १४ वर्षं प्रॅक्टिस. साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप दोन्हीकडं सारखीच, पण शिक्षण वेगळं. पहिल्याच वर्षी संस्कृत, पदार्थविज्ञान (फिजिक्स नव्हे, आयुर्वेदाचं तत्त्वज्ञान), संहिता म्हणजे जुने ग्रंथ, रचना शारीर (शरीराची रचना), क्रिया शारीर (शरीराचं काम) येतं. मला त्यात गोडी लागली म्हणून टिकलो. एमबीबीएस हुकलं म्हणून आलेली माझ्या वर्गातली दोघं शेवटपर्यंत कुढत होती. आईंना हे समजावून सांग.

प्रवेश घेऊन बाजूला नीट करू म्हणत असशील तर नको. सकाळी डिसेक्शन, दुपारी लेक्चर, रात्री डोळे मिटतात. आणि मधेच सोडायचं झालं तर फी नि मूळ कागदपत्रांचं काय, ते राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत आधी वाच. नीटला खेपांची मर्यादा नाही, त्यामुळं घाबरून सही करू नकोस.

करवीरची_पोर
सगळ्यांचे आभार. काल रात्री तीन रकाने पाडले. न शिकलेले ११, त्यातले ७ अकरावीचेच, रोटेशनल मोशन आणि थर्मोडायनॅमिक्स. आकडेमोडीत गेलेले ८. ठोकलेले ४. ते ८ बरोबर आले असते तर नुसते त्यांचेच ४० मार्क वाढत होते, कारण चुकीचा एक वाचतो आणि चार मिळतात.

वही घेऊन गोठ्यात गेले. तात्यांनी धार थांबवली नाही, पण सगळं ऐकलं. मग म्हणाले, "अकरावीचं शिकवणारं कोण हाय का बघ की गावात." आमच्या वरच्या आळीला एक रिटायर झालेले फिजिक्सचे सर राहतात. रविवारी तात्या मला घेऊन त्यांच्याकडं जाणार आहेत. पुन्हा क्लास लावायचा नाही, अकरावीची एनसीईआरटीची दोन्ही पुस्तकं मैत्रिणीची आणलीत.

काका, तुमचं आईला वाचून दाखवलं. ठरलं असं, की टेस्टचे मार्क महिन्यातनं एकदा मीच सांगायचे, मधे कुणी विचारायचं नाही. दिवाळीपर्यंत फिजिक्स १०० च्या वर गेलं नाही तर पुढच्या खेपेला जे मिळेल ते घ्यायचं. हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आणि खाली तात्यांची सही घेतली. त्यांच्या बोटाचं शेण पानाला लागलंय.