विषय: भाच्यासाठी सी कंपायलर विकत घ्यायचा का?

नमस्कार मंडळी,
माझा भाचा खानापूरचा, यंदा बेळगावात इंजिनिअरिंगला लागलाय. घरी जुना कॉम्प्युटर आहे, ४ जीबी रॅमचा. दुकानदार म्हणाला, सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची तर परवान्याचं सॉफ्टवेअर घ्या. अक्काला यातलं काही कळत नाही, म्हणून तिनं मला विचारलं. पैसे मी इथून पाठवीन, पण नेमकं काय घेऊ?

---

ताई,
कंपायलर म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर. त्यासाठी एक पैसाही पाठवू नका. १९८३ साली टर्बो पास्कल हे पास्कल भाषेचं कंपायलर ५० डॉलरला मिळायचं आणि तेव्हा तेच स्वस्त म्हणून गाजलं. पण १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा सी कंपायलर सगळ्यांसाठी खुला केला, आणि आज लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभासुद्धा त्यानंच कंपाइल होतो. विद्यार्थ्याला यापेक्षा चांगलं काय हवं? विंडोजवर कोडब्लॉक्स हे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगा. मात्र नावात मिंगडब्ल्यू (mingw) असलेली फाइलच घ्यायची, जीसीसी तिच्यातच येतो. व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्तीही विद्यार्थ्यांना फुकट आहे, पण त्या मशीनला ती झेपणार नाही.

उद्या पोरानं बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीला हिशेबाचा प्रोग्राम लिहून विकला, तरी जीसीसीपायी कुणाला काही द्यावं लागत नाही. हे अक्कांना जरूर सांगा.

(मूळचा निपाणीकर)

---

दादा, फार बरं वाटलं. पण त्याच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कंपायलरच आहे म्हणे. मग घरी वेगळं वापरून गोंधळ नाही का होणार?

---

थोडा होईल, पण घरी जीसीसीच असू द्या. टर्बोमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, १६ बिटांचा, म्हणजे ३२७६७ च्या पुढे जागाच नाही. ८ चा फॅक्टोरियल, म्हणजे १ ते ८ चा गुणाकार, ४०३२०, टर्बो दाखवतं उणे २५२१६! पोराला वाटतं आपलंच गणित चुकलं, आणि तो बरोबर लिहिलेला प्रोग्राम खोडत बसतो. याचं मला फार वाईट वाटतं. जीसीसीत इंट ३२ बिटांचा, तिथं १२ च्या फॅक्टोरियलपर्यंत उत्तर बरोबर येतं.

घरी प्रोग्रामच्या सुरुवातीला 'व्हॉइड मेन'ऐवजी 'इंट मेन' लिहायचं आणि स्क्रीन पुसणारं 'सीएलआरएससीआर' (clrscr) काढून टाकायचं. पहिल्या वर्षाचे बहुतेक प्रोग्राम तेवढ्यावर चालतात. संभाव्य चुकांच्या सूचना दाखवणारा कंपायलरचा 'वॉल' (-Wall) पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवू दे.

पैसे पाठवायचेच असतील तर एसएसडीसाठी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कसाठी पाठवा. जुन्या मशीनला त्याचा खरा उपयोग होईल.