‘आशा ठेवणे’ की ‘आशा धरणे’?

प्रश्न (नाशिकरोड) : आईची केमो चालू आहे. डॉक्टर म्हणतात, ‘फार आशा ठेवू नका.’ संध्याकाळी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मावशी येतात, आईचा सुजलेला हात हातात घेऊन बायबलमधलं स्तोत्र ४२ वाचतात आणि म्हणतात, ‘देवाची आशा धर.’ मला दोघांचंही खरं वाटतं. मग ‘ठेवणे’ आणि ‘धरणे’ यांत फरक आहे, की ‘धरणे’ हे फक्त ख्रिस्ती मराठीचं जुनं वळण?

प्रतिसाद : ताई, आईंना आराम पडो. फरक आहे, मोठा आहे. आशा ठेवतो ती कशाची तरी किंवा कुणाकडून तरी : निकालाची, मुलाकडून. रिपोर्ट बिघडला की ती सोडावी लागते. डॉक्टर तेवढंच सांगताहेत. आता ‘धरणे’ची भावंडं बघा : धीर धरणे, उपास धरणे, मौन धरणे, तग धरणे. इथे माणूस काहीतरी आपणहून पत्करतो आणि निभावतो. त्या स्तोत्रात क्रियापद आज्ञार्थी आहे, आणि आज्ञा स्वतःच्याच जिवाला आहे. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ असं विचारून लगेच ‘देवाची आशा धर’. खिन्नता सरल्यावर नाही, ती उरावर असतानाच. मूळ हिब्रू क्रियापदात वाट पाहण्याचाही अर्थ आहे. आणि ती षष्ठी सोडू नका : बरं होण्याची नव्हे, देवाची आशा.

दुसरा प्रतिसाद : थोडी हरकत घेतो. संतांच्या मराठीत आशा ही सोडायची गोष्ट. आशापाश, आशा-तृष्णा, शिवाय आपला ‘आशाळभूत’. माझ्या कानाला इथे ‘भरवसा’ बरा वाटतो.

पहिल्याचं उत्तर : दादा, भरवसाही आहेच. बायबलमधल्याच इब्री लोकांस पत्रात ‘विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा’ असं दोन्ही शब्द शेजारीशेजारी येतात. पण तिथल्याच रोमकरांस पत्रातला क्रम बघा : संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. आशाळभूत माणसाची आशा हावेतून येते, ही संकट सोसून हाती लागते. पुढेच ‘आशा लाजवत नाही’ आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२५च्या ज्युबिली वर्षाच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या पवित्र वर्षाच्या, घोषणापत्राला हेच शीर्षक दिलं. ‘लाजवत’ इथे फार नेमका बसलाय. ‘एवढ्या प्रार्थना केल्या, काय झालं?’ असं गल्लीत कुणी विचारलं, तरी मान खाली घालावी लागणार नाही. आजार जाईलच असं या ओळीत कुठेही म्हटलेलं नाही, म्हणून ती मला खरी वाटते.

तिसरा प्रतिसाद : नाशिकची एक भर. १८५४मध्ये मिशनऱ्यांनी वसवलेलं शरणपूर. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे राहिली, शिकली. आज ‘शरण जाणे’ म्हटलं की आपल्याला हार ऐकू येते, गावाच्या नावात मात्र आसरा आहे. ‘देवाची आशा’मध्ये मला तोच आसरा ऐकू येतो.

प्रश्नकर्ती : तिघांचेही आभार. इब्रीमध्येच आशेला जिवाचा ‘नांगर’ म्हटलंय. आई निफाडकडची, शेतकऱ्याची लेक. तिच्या डोळ्यांपुढे बैल येतात.

पहिल्याचं उत्तर : तो गलबताचा नांगर, ताई. मराठीत दोघांना एकच शब्द, म्हणून घोटाळा होतो. मावशींना ‘तारवाचा नांगर’ असं म्हणून वाचायला सांगा, आईंना लगेच कळेल.